चौदातल्या चार तारा

१

आबासाहेबांच्या स्वयंपाकघराला शुक्रवारी दुपारी आग लागली आणि शनिवारी संध्याकाळपर्यंत अख्ख्या केडगावानं गुन्हेगार ठरवूनही टाकला. कानिफनाथ वायरमन. विजेच्या शेगडीला जाड वायर लावतो म्हणाला आणि बारीक लावून गेला. जळक्या शेगडीला लोंबकळणारी ती बारीक वायर निम्म्या गावानं डोळ्यांनी पाहिली होती, मग आणखी पुरावा कशाला हवा?

मी पोस्टात. शनिवारची थैली रवाना करून खिडकी लावायच्या बेतात होतो, तेवढ्यात आबासाहेब स्वतः आले. पांढरं स्वच्छ धोतर, हातात काठी. कर्जतकडे शेती आणि केडगावात पुणे रस्त्यालगत घर असलेला हा माणूस एरवी पोस्टात गडी पाठवायचा.

"रजिस्टर करा, मास्तर," ते म्हणाले. "मुंबईला, वायरमनचे परवाने देत्यात त्या सायबाला. माझी सून सात महिन्यांची पोटुशी हाय. आगीत व्हती ती. त्या पोराचा परवाना जायालाच पायजे."

मी पावती दिली. थैली आता सोमवारी अकराला निघणार होती.

घरी पोचलो तर कानिफनाथ आमच्या पायरीवर बसलेला. तेविशीचा मुलगा, गेल्याच वर्षी परवाना मिळालेला. घरात म्हातारे आईबाप आणि कमावणारा हा एकटा.

"मास्तर, तेवढं पत्र थांबवा," तो म्हणाला. "परवाना गेला तर मला परत कुनी पेचकस हातात देनार न्हाई."

"कानिफ, पोस्टात पडलेलं पत्र मला थांबवता येत नाही. ज्यानं टाकलं त्यानं अर्ज दिला तरच परत मिळतं. तेही थैली जायच्या आत."

आमच्या सौभाग्यवती, इंदू, नगरच्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवतात. स्वभाव चौकस. म्हणजे गवळ्यासमोरच दुधाचं माप घेणाऱ्यातला. ती आतून बाहेर आली आणि मला बाजूला सारून त्याच्यापुढं बसली.

"शेगडी किती वॅटची?"

"दोन हजार, बाई. रॉकेल मिळंना म्हनून नगरातनं आनलेली."

"म्हणजे जवळजवळ नऊ अँपिअर. वायर कुठली लावलीस?"

"सत्तर तारांची. काळी, जाड, तीन पदरी. पुढं मोठी तीन पिनांची. देवाशप्पत सांगतो बाई, म्या बारीक लावलीच न्हाई."

इंदू माझ्याकडं वळली. मला विजेतलं बटण दाबण्यापलीकडं काही कळत नाही हे तिला ठाऊक आहे. "अहो, वायरीच्या आत केसासारख्या तांब्याच्या तारा असतात. जितक्या जास्त, तितकी वीज सुखानं जाते. सत्तर तारा पंधरा अँपिअर सोसतात. दिव्याला नाहीतर पंख्याला चौदा तारांची पुरते, पण तिनं तीन अँपिअरच्या वर ओझं घेऊ नये. तिच्यावर नऊचं ओझं टाकलं तर ती तापणार."

"मग चौदाची सापडली ना," मी म्हणालो.

"सापडली. पण मला एक सांगा," ती म्हणाली, "वायर एवढी तापली तर फ्यूज का नाही उडाला?"

कानिफनाथ पायरीवरून उठून उभा राहिला. त्या घरातला प्रत्येक फ्यूज त्यानं स्वतः भरला होता.

२

रविवारी सकाळी आम्ही दोघं आबासाहेबांकडे गेलो. विचारपूस करायला, असं मी म्हणालो. इंदूनं पिशवीत पेचकस, चिमटा आणि पांढरा कागद घेतला होता. विचारपूस करायला कुणी चिमटा नेत नाही, पण बोलून उपयोग नव्हता.

आबासाहेब ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. शेजारी स्टुलावर टेबलफॅन घरघरत होता. एप्रिलचं ऊन नऊलाच चढलं होतं.

"बरा वारा लागतो इथं," इंदू म्हणाली.

"व्हय. आधी आतल्या खोलीत असायचा. घरचीनंच आपनहून हितं आनून ठिवला, आठवडा झाला. तुमी उकाड्यात बसता म्हनली." त्यांच्या आवाजात थोडी ऐटही होती. "बाई, पोस्तमास्तर तुमाला शिष्टाई करायला घिऊन आले असतील तर सांगतो, पत्र परत घेनार न्हाई."

"शिष्टाई नाही. शेगडीची वायर कशी जळली ते बघायचंय. शाळेत मुलींना सांगायला."

शाळेचं नाव काढल्यावर त्यांना नाही म्हणता आलं नाही.

स्वयंपाकघराची एक भिंत काळी पडली होती. गव्हाची पोती अर्धी जळून ओल्या राखेचा ढीग झाला होता. सून विजयमाला, श्रीरामपूरची, मॅट्रिक झालेली, दाराला टेकून उभी राहिली. तिनं झालं ते नीट सांगितलं.

"कुरडयांचा चीक शिजत होता. दोन तास शेगडी चालू होती. वायर लांब होती, पायात येऊ नये म्हणून वेटोळं करून पोत्याखाली सारली होती. आधी रबर जळल्याचा वास आला, मग धूर. मी पळत ओट्यावर गेले आणि मेन ओढला. तोवर पोतं पेटलं होतं. आत्याबाईंनी ते हातानं ओढलं."

आत्याबाई म्हणजे तिच्या सासूबाई, गोजरबाई. त्या देव्हाऱ्यापाशी बसल्या होत्या, उजवा हात पंज्यापासून कोपरापर्यंत पांढऱ्या पट्टीत. डाव्या हातानं निरांजनं पुसत होत्या. शेजारच्या पितळी ताटलीत वळून ठेवलेल्या वाती होत्या आणि एका वाटीत राख.

"हात फार भाजलाय का हो?" इंदूनं विचारलं.

"माजं काय, म्हातारं कातडं," गोजरबाई म्हणाल्या. "पोर वाचली."

"विजेची भीती वाटते का?"

"लई. बटन बी लाटण्यानं दाबते मी."

हे केडगावात सगळ्यांना माहीत होतं. त्यावरून सूनही हसायची आणि शेजारणीही.

इंदू दाराजवळच्या दिव्याच्या बोर्डाकडं वळली. त्या छोट्या सॉकेटात दोन पिनांचा छोटा प्लग अजून तसाच होता, त्याला वीतभर न जळलेली वायर. तपकिरी सुती वेणीची, दोन पदरी. प्लग काढून तिनं पेचकसानं उघडला. तारा मोकळ्या करून ती मोजायला लागली. एकदा मोजलं, मग पुन्हा. मग वायर चार बोटं पुढं कापून, साल सोलून, तिथं मोजल्या.

"काय झालं?" मी विचारलं.

"इथं पुढं चौदा आहेत," ती म्हणाली. "पण स्क्रूखाली फक्त दहा. दहा तारांची वायर अहो, कुठल्याच दुकानात मिळत नाही."

३

चार तारा गेल्या कुठं, हे शोधायला इंदूला फार लांब जावं लागलं नाही. ओट्यावर मीटरच्या बोर्डावर दोन फ्यूज होते, एक दिव्यांचा, एक मोठ्या सॉकेटचा. आगीनंतर शेजाऱ्यानं दिव्यांचा फ्यूज उपसून बोर्डावरच ठेवला होता. चिनी मातीचा तो तुकडा तिनं हातात घेतला आणि आबासाहेबांच्या समोर धरला.

"बघा. आग लागली तरी हा शाबूत. यात केसाएवढी एकच तार असते. ओझं वाढलं की ती वितळते आणि वीज बंद होते. त्यासाठीच असते. इथं किती आहेत, मोजा."

आबासाहेबांनी चष्मा लावला. "चार. पीळ दिलेल्या."

"दहा आणि चार चौदा. ज्यानं शेगडीला ती बारीक वायर लावली, त्यानंच तिच्यातल्या चार तारा काढून फ्यूज भरला. वायर आधीच अशक्त, तिचीच टोकं आणखी झिजवली, आणि तिला वाचवणारा फ्यूज चौपट जाड करून ठेवला."

"म्हंजी कानिफच!" आबासाहेबांनी काठी आपटली.

"वायरमन फ्यूजला वायरीची टोकं का काढेल? त्याच्या पिशवीत फ्यूजतारेचं रीळ असतं." इंदू थांबली. "पंखा जरा बंद करता का? मला त्याची वायर बघायचीय."

आबासाहेबांनी हात लांब करून पंख्याचा प्लग उपसला. मोठा, काळा, तीन पिनांचा, मुठीत मावेना असा. त्यांनी एकदा प्लगकडं पाहिलं, मग इंदूकडं. दोन दिवस हा माणूस या वायरीशेजारी बसून त्या वायरमनला शिव्या देत होता.

मी स्वतः ती वायर उचलून पाहिली. जाड, काळी. एवढ्याशा पंख्याला शोभत नव्हती. इंदूनं पंख्याचं बूड उघडलं. दोन पदर स्क्रूला लावलेले, तिसरा, अर्थिंगचा, चिंधीत गुंडाळून नीट बांधून ठेवलेला. एका पदरातल्या तारा मी मोजल्या. सत्तर. मला दोनदा मोजाव्या लागल्या, पण सत्तर.

"कानिफ खरं बोलत होता," इंदू म्हणाली. "त्यानं लावली ती ही. ही मोठी पिन स्वयंपाकघरातल्या छोट्या सॉकेटात जात नाही. मोठं सॉकेट घरात एकच, इथं ओट्यावर. कुणाला तरी शेगडी आत न्यायची होती. म्हणून पंख्याची वायर शेगडीला गेली, शेगडीची पंख्याला आली, आणि मोठी पिन लावायला पंखा ओट्यावर आला."

आबासाहेबांनी प्लग स्टुलावर टाकला. मग म्हणाले, "माझ्या घरात वायरला हात लावायची छाती कुनाची? आमचा पोरगा श्रीमंत रेडिओ खोलतो, पन तो पंधरा दिवस कर्जतला हाय. बाया तर बटनाला भित्यात. कानिफच परत आला आसंल आन करून गेला आसंल. नाव सांगा, बाई. नाव सांगा, न्हाईतर पत्र जाऊ द्या."

इंदूनं फ्यूजमधला तो चार तारांचा पीळ चिमट्यानं सोडवला आणि पांढऱ्या कागदावर ठेवून हलकेच उलगडला. कागदावर करड्या रंगाची बारीक पूड पडली.

ती पूड तिनं बोटावर घेतली, चोळली, आणि तिचा चेहरा एकदम उतरला. वर्गात गणित सुटल्यावर तिचा चेहरा असा कधी होत नाही.

४

"वायरमन तारांना पीळ देतो तो चिमट्यानं," इंदू हळू म्हणाली. "दोन वेढे, ओबडधोबड. हा पीळ तसा नाही. एकसारखा, घट्ट, दोन्ही टोकांना निमुळता. हातानं वळलेला. आणि वळताना बोटं घसरू नयेत म्हणून राख लावलेली. फ्यूज इथं ओट्यावर, आग तिकडं आत. ही राख आगीची नाही."

मला तेव्हा कळलं. आमच्या घरीही राख लावूनच वाती वळतात. आबासाहेबांनाही कळलं असावं, कारण ते दाराकडं बघायला लागले.

दारात विजयमाला उभी होती. "मी केलं, मामंजी," ती म्हणाली. "मीच बदलली वायर. श्रीरामपूरला आमच्या घरी वीज आहे, मला येतं."

आबासाहेब उठून उभे राहिले. इंदूनं मध्ये हात केला आणि कापलेल्या वायरीतून चार तारा ओढून विजयमालाच्या हातात दिल्या. "बाळ, एकदा वळून दाखवशील?"

विजयमालानं तारा घेतल्या. आतून दुधाची वाटी आणली, बोट बुडवलं आणि वळायला लागली. तारा बोटावरून निसटल्या, एक खाली पडली. तिनं पुन्हा दुधात बोट बुडवलं.

"तुमच्याकडं वातीला दूध लावतात," इंदू म्हणाली.

"राहू दे गं, माले," आतून आवाज आला. गोजरबाई ओट्यावर आल्या. मी सहा वर्षं त्या घरी जातोय. पुरुष बसलेले असताना त्या ओट्यावर आलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. डोक्यावरचा पदर सावरत त्या नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या.

"म्या केलं. पोरीचा काय बी दोस न्हाई. कानिफ पोरगं शेगडी लावत हुतं तवा दारातनं बघत हुते. दोन स्क्रू खाली, दोन वर. अवघड काय त्यात? चाकूच्या टोकानं फिरलं."

"तुला?" आबासाहेब एवढंच म्हणाले.

"मला. तुमी काठीनं दावलं, पॉईंट ओट्यावर दे, मीटरशेजारी. त्यानं दिला. मला कुनी इचारलं? ही पोर सात म्हैन्याची. रोज रस्त्याकडं तोंड करून, डोईवर पदर घिऊन, ओट्यावर सैपाक करायची. येनारा जानारा बघायचा. बैठकीला आलेली मानसं बघायची. तिला घास गिळंना. म्या तुमाला म्हनलं, आत पॉईंट द्या. तुमी म्हनला, तुला काय कळतं त्यातलं."

आबासाहेबांनी हातातली काठी भिंतीला टेकवली.

"आत लावली शेगडी, आन फट्! फ्यूज गेला," गोजरबाई इंदूला सांगत होत्या, जणू आता तिथं दुसरं कुणी नव्हतंच. "कानिफला बोलवायचं तर मालकांना कळनार. मग वायरीतल्याच चार तारा काढल्या, वात वळली, घातली. मग न्हाई उडाला. म्या म्हनलं, वात जाड केली की दिवा टिकतो."

इंदूनं त्यांचा चांगला हात हातात घेतला. "दिव्याची वात टिकायला हवी, मावशी. फ्यूजनं मात्र वेळेवर मरायला हवं. तो मेला की बाकीचे वाचतात."

"आता कळलं," गोजरबाई म्हणाल्या. "पन काल ते पत्र लिवत हुते तवा बोलाया पायजे हुतं. भ्याले. ते पोरगं उपाशी मरंल ह्ये ठावं असून भ्याले."

आबासाहेब आत निघून गेले. आम्ही थोडा वेळ थांबलो. ते बाहेर आले नाहीत. पत्राबद्दल विचारायची छाती माझी झाली नाही, आणि इंदूचीही नाही.

"नाव सांगितलं की सुटेल असं वाटलं होतं मला," परतताना ती म्हणाली. "आता ते पत्र परत घेतलं तर बायकोनं केलं हे कबूल केल्यासारखं होईल. नाही घ्यायचे ते."

मला राग आला होता. आबासाहेबांचाही आणि पोस्टाच्या नियमांचाही.

५

सोमवारी दहा वाजता कानिफनाथ पोस्टाच्या बाहेर येऊन उभा राहिला. इंदूनं त्याला रात्रीच सगळं सांगितलं होतं. ती स्वतः शाळेला रजा टाकून बाकावर बसली होती. बाईंनी वर्षात पहिली रजा टाकली ती वायरमनसाठी, हे मी हेडबाईंना सांगणार नव्हतो.

"एक विचारू?" ती कानिफला म्हणाली. "शेगडीसाठी जाड वायर आणलीस, पिन बरोबर लावलीस, फ्यूज बरोबर भरलास. स्वयंपाक कुठं करतात ते घरातल्या बायकांना विचारलंस का?"

तो ओशाळला. "न्हाई, बाई. आबासाहेबांनी काठीनं दावलं, तिथं दिलं. अर्धा दोस माझा बी हाय."

साडेदहा झाले. मग पावणेअकरा. मी रजिस्टर पत्रं यादीवर लिहिली. त्यात आबासाहेबांचं पत्रही लिहिलं. थैलीचं तोंड बांधलं, लाख वितळायला ठेवली.

अकराला दहा मिनिटं असताना गोजरबाई आत आल्या. मागं विजयमाला. दोघी चालत आल्या होत्या. गोजरबाई पोस्टात पहिल्यांदाच येत होत्या. खिडकी कुठली हेही त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी डाव्या हातानं घडी केलेला कागद पुढं केला.

पत्र परत मिळावं असा अर्ज, विजयमालाच्या अक्षरात. खाली आबासाहेबांची सही आणि घडीत माझी शनिवारची पावती. मी सही ताडून पाहिली, कारण नियम तो नियम. मग थैली पुन्हा सोडली. एवढ्या आनंदानं मी थैली कधी सोडली नाही.

"कशी केली सही त्यांनी?" इंदूला राहवलं नाही.

"रातभर बोलले न्हाईत," गोजरबाई म्हणाल्या. "सकाळी म्या म्हनलं, जाऊ द्या पत्र. सायब चौकशीला आला की म्या ओट्यावर यीन, खुर्चीवर बशीन, आन समदं सांगीन. लगीच सही केली."

विजयमाला पदरात तोंड लपवून हसायला लागली. मी लिफाफा त्यांच्या हातात दिला. तो त्यांनी कानिफनाथाला दिला, आणि मग पट्टीचा हात आणि चांगला हात, दोन्ही जोडून त्याच्यापुढं उभ्या राहिल्या.

"माझ्यापायी तुझी भाकरी गेली असती, लेकरा."

कानिफनाथानं घाईनं त्यांचे हात खाली केले. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचं त्याला जमत नव्हतं. "मावशी, आसं करू नका. उद्या येतो मी. आत मोठा पॉईंट देतो, नवी जाड वायर वढतो, अर्थिंगसकट." तो थांबला. मग म्हणाला, "फकस्त तुमी सांगा. कुठं देऊ?"

गोजरबाईंनी सुनेकडं पाहिलं, इंदूकडं पाहिलं, परत त्याच्याकडं पाहिलं. एवढ्या वर्षांत त्या घरात त्यांना कुणी विचारलेला हा पहिला प्रश्न असावा.

"खिडकीपाशी," त्या म्हणाल्या.